एकटी हरिणी

"पण यात लाल कुठाय?" शिराझहून आलेल्या बाईंनी विचारलं.

फख्रीने दोरीवरच्या कापडाचा कोपरा त्यांच्या हातात दिला. काळ्या रेषेतली हरिणी मागे वळून पाहत होती. अंगात रंग नव्हता.

"आहे. लाल म्हणजे तुरटीचा ठसा. मंजिष्ठेच्या कढईत उकळल्याशिवाय दिसत नाही."

"मग तो नीट बसलाय हे छापताना कसं कळतं?"

"ठसा दिसावा म्हणून बाकीचे तुरटीत चिमूटभर गेरू कालवतात. आमच्या उस्ता नेमतना लागत नाही. हात सांगतो म्हणे."

"आज दिसत नाहीत उस्ता?"

"इस्पितळात आहेत," फख्री त्याच स्वरात म्हणाली. "तुमची कापडं संध्याकाळी तयार होतील."

बाई गेल्या आणि बतूल आली. नेमतची थोरली बहीण, फख्रीची नणंद. इस्पितळातूनच आली होती. डोक्यावरची चादर सावरत ती अंगणातल्या पेटीवर टेकली.

"ढवळत बस कढई. तिकडे माझा भाऊ एकेक श्वास ओढतोय."

"चहा घेणार, बतूल खानम?"

"चहा घाल चुलीत! त्याने पुन्हा विचारलंय. गुलनारच्या कबरीशेजारची जागा."

फख्रीने लाकडं आत सारली. "ती माझी जागा आहे."

"तू धडधाकट आहेस. अजून वीस वर्षं छळशील मला. त्याला आज हवीय."

"पोरीला नदीवर कोण घेऊन गेलं होतं?"

बतूलने चादरीचं टोक तोंडावर ओढलं.

गुलनार सहा वर्षांची होती. नेमत नदीच्या पाण्यात उभा राहून कापडं धूत होता आणि पोर काठावर खेळत होती. एक कापड हातातून सुटलं. ते धरायला तो थोडा पुढे गेला. वळला तेव्हा काठ रिकामा होता.

ती जन्मली तेव्हा त्याने नवा ठसा कोरला होता. मागे वळून पाहणारी हरिणी आणि तिच्या पायाशी पाडस. इस्पहानच्या बाजारात ते कापड हातोहात खपायचं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने पटाशी घेतली आणि पाडस तासून टाकलं. तेव्हापासून हरिणी एकटीच मागे पाहत होती.

तो रडला नाही. त्याने पोरीचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. दर वर्षी त्या दिवशी फख्री कबरीवर गुलाबपाणी शिंपडायला जायची, आणि नेमत कारखान्याचं दार आतून लावून घ्यायचा. ती परतायची तेव्हा आतून मुठीचे ठोके ऐकू येत. ठसा ठेवायचा, वरून मूठ मारायची. दार उघडलं की दोरीवर मात्र एकही नवं कापड नसायचं.

"काय छापलंत दिवसभर?" तिने एकदाच विचारलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला आणि जाऊन आपल्या घडीवर बसला. एक जुनं मोठं कापड होतं, त्याची घडी घालून तो रोज त्यावर बसायचा.

"दर पानगळीत माझ्या अंगणातलं नासपतीचं लाकूड न्यायचा," बतूल आता हळू आवाजात बोलत होती. "ठसा कोरायचाय म्हणायचा."

"इथे नवा ठसा एकही आलेला नाही. चुलीत घातलं असेल लाकूड."

"तू विचारलंस कधी त्याला?"

"त्यांनी विचारलं कधी मला?"

"हो म्हण, फख्री जान. खोटं का होईना. तेवढं ऐकून सुटेल बिचारा."

"नाही म्हणून सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

बतूल उठली. दारापाशी थांबली. "तुझ्या छातीत आहे तरी काय गं?"

"होतं ते नदीवर राहिलं."

तिच्यामागे दार आपटलं. फख्री कढईकडे वळली. मंजिष्ठेला चांगली उकळी आली होती. गिऱ्हाइकाची कापडं सोडण्याआधी एखादं फडकं बुडवून रंगाचा जोर बघायचा असतो. फडकं हाताशी सापडेना. भिंतीशी नेमतची घडी होती. पिवळट पडलेली, मधोमध त्याच्या बसण्याचा खळगा. ती त्याने कधी धुवू दिली नव्हती. "राहू दे, सवय झालीय," म्हणायचा.

आज अडवायला कोणी नव्हतं. तिने घडी उचलली आणि कढईत टाकली. काठीने खाली दाबून धरली. कापड पाण्यात उलगडत गेलं.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"सांगितलं," बतूल म्हणाली.

"काय म्हणाले?"

"काही नाही. मान हलवली. तुझंच बरोबर आहे, असं म्हटल्यासारखी." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग गेला."

फख्रीने काठी कढईला टेकवून ठेवली.

"फख्री? ऐकतेस ना?"

तिने फोन कोनाड्यात ठेवला. कढई खदखदत होती. जास्त वेळ राहिलं तर कापड काळवंडतं. हात आपणहून काठीकडे गेले. तिने कापड वर काढलं, हौदात बुडवलं, पिळलं आणि दोरीवर पसरलं.

तुरटी नसेल तिथे कापड नुसतं गुलाबीसर होतं. या कापडावर ओळीने गडद लाल आकृत्या होत्या. पहिलं ते पाडस. तेच, तासून टाकलेलं. त्याच्या शेजारी तेच, जरा उंच. मग पाय लांबलेलं, मानेत डौल आलेलं. पुढे प्रत्येक ठसा नवा होता, आधीच्याहून थोडा मोठा. फख्री बोटाने एकेक शिवत ओळीमागून ओळ खाली येत गेली. अगदी शेवटी, खालच्या कोपऱ्यात, पूर्ण वाढलेली एक हरिणी मागे वळून न पाहता चालली होती, आणि तिच्या पायाशी तिचं स्वतःचं पाडस होतं.