कुठल्याही हाताने

"तिचं बोलणं अडखळतं, ते मी डावा हात बांधला म्हणूनच ना, डॉक्टर?" रेवाच्या आईने मान खाली घालूनच विचारलं. जेवताना ती लेकीचा डावा हात ओढणीने कमरेशी बांधायची. प्रसादाला डावा हात पुढे केला, की चारचौघांत फटका ठरलेला.

"तसा ठोस पुरावा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक डावखुऱ्यांचंही बोलण्याचं केंद्र इतरांसारखं मेंदूच्या डाव्या बाजूलाच असतं; हात बांधल्याने ते बदलत नाही. पण यापुढे हात बांधू नका."

आईला हायसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी बरणीतली राजगिऱ्याची वडी रेवापुढे धरली.

"घे बाळा, कुठल्याही हाताने घे," आई म्हणाली.

रेवाचा डावा हात निघाला आणि मध्येच थबकला. तिने आईकडे पाहिलं. मग नको म्हणून मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.