शांत मोटारींची गिरणी

सगुणाबाईनं ‘पगारवाढ’ एवढंच म्हटलं आणि भिंतीवरचा लाल दिवा लागला.

“काम करा, गप्पा नकोत!” कर्ण्यातून हुकूम आला.

सूतगिरणीतल्या मोटारींच्या तारांवर नवा लेप चढला, तेव्हा मालकानं पेढे वाटले होते. त्या लेपानं मोटारींची घरघर पार गिळून टाकली. कान वाचले म्हणून बायकाही खूश झाल्या. पण आता भिंतीतल्या यंत्रांना त्यांचा शब्द न् शब्द ऐकू जात होता.

सगुणाबाईनं दिव्याकडे बघत पदर खोचला. अर्धं आयुष्य तिनं जुन्या मोटारींच्या कल्लोळात काढलं होतं. तिथं ओरडूनही ऐकू जात नसे, म्हणून बायका हातांनी बोलायच्या.

‘ऐकतोस काय मेल्या? आता ऐक!’ ती मनात म्हणाली. तिनं हात उंच करून खटका खाली ओढल्याची जुनी खूण केली: उद्या काम बंद?

समोरच्या रखमाचा हात वर गेला, मग तिच्या शेजारणीचा. नव्या पोरींनाही समजायला वेळ लागला नाही. बघता बघता रांगेच्या टोकापर्यंत हात वर झाले.

वर कचेरीत मालक पाहुण्यांना पडद्यावरची आवाजाची सपाट रेघ दाखवत होता. “कशी शांत आहे की नाही आमची गिरणी?”

दुसऱ्या दिवशी ती त्याहून शांत होती.