एकाचं मत

फर्नां घरात फ्रेंच बोलायचा, त्याची बायको मेव्हिस इंग्रजी. आणि निवडणूक आली की दोघांचे पक्षही वेगळे. मतदान पलीकडच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये असायचं. तिथवर ट्रकने तासाभराची वाट, सगळी जंगलातून.

"तू नको जाऊ, मीही जात नाही," फर्नां दर वेळी म्हणायचा. "तुझं मत माझं मत खाणार, माझं तुझं. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?"

"तुला बसायचं तर बस घरी. मी निघाले," म्हणत मेव्हिस कोट चढवायची आणि हा मुकाट्याने ट्रक बाहेर काढायचा. वाटभर दोघं आपापल्या भाषेत भांडायची. येताना मात्र एकाच बशीतला ॲपल पाय खायची.

या हिवाळ्यात मेव्हिस गेली. बर्फ वितळायला लागलं तसं संसदेचं मतदान आलं. फर्नां एकटाच ट्रक घेऊन गेला.

हॉलच्या दारात जिनेत नावाची शेजारीण भेटली. त्याला हसवावं म्हणून म्हणाली, "या खेपेला तुझं मत खायला कुणी नाही बघ. तुझा माणूस एका मताने पुढे गेलाच समज." बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

"हो ना," फर्नां म्हणाला आणि मतपत्रिका घेऊन आडोशामागे गेला.

त्याने आपल्या उमेदवारापुढे मताची फुली मारली आणि मग मत बाद होणार हे पक्कं ठाऊक असूनही मेव्हिसच्या उमेदवारापुढे दुसरी फुली मारली.