धाकटीचा बोकड

"आत येऊ नकोस," थोरली म्हणाली. "काय ते तिथूनच बोल."

धाकटी कुंपणाच्या दारातच थांबली. सरहद्दीवरची चौकी ओलांडून भर उन्हात चालत आली होती, पण पाण्याचं कुणी विचारलं नाही. दोघी सख्ख्या बहिणी. लग्नानंतर मध्ये सरहद्द आली, तिचं काही वाटलं नाही. आता मध्ये बोकड आला होता.

गोठा रिकामा होता. बुळकांडीनं थोरलीचा सगळा कळप नेला. आधी शेळ्यांची नाकं गळायला लागली, मग तोंडात फोड आले, मग हगवण, आणि संपलं. जनावरांचा डॉक्टर आत औषध फवारत होता आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत होता.

रोग कुठून आला हे सांगायला ज्योतिषी नको होता. धाकटी दरवर्षी पैदाशीसाठी आपला बोकड इकडे पाठवायची. यंदाही पाठवला, आणि यंदाच कळप साफ झाला. बोकडही इथेच मेला.

"तुला माहीत होतं," थोरली म्हणाली. "तूच म्हणालीस ना, बोकड मला बरा दिसत नाही, डॉक्टरला बोलव, सगळ्यांना वेगवेगळं बांध?"

"म्हणाले होते."

"तेव्हा मला भान होतं का गं?"

भान कुठून असणार? तिचा एकुलता एक मुलगा नुकताच गेला होता. जनावरांचा ट्रक घेऊन तो सरहद्दीपलीकडचे लांबलांबचे बाजार करायचा. एका फेरीत त्यानं आईसाठी करडू आणलं. चौकीवर कुणाला दिसू नये म्हणून सीटखाली लपवून आणलं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. "सून आणेपर्यंत या नातवंडावर भागव," म्हणाला. मग पुढच्या फेरीला निघाला आणि ट्रक घाटात कोसळला.

त्याच्या मागोमाग करडूही गेलं. त्यानं खाणं टाकलं होतं, डोळ्यांतून सारखं पाणी वाहायचं. मुक्या जिवालाही कळतं, असं थोरली येईल त्याला सांगायची. एवढी माया लावून गेला माझा पोरगा, म्हणायची. ते सांगताना तिला जरा बरं वाटायचं.

करडू पुरलं ते धाकटीनंच. पुरून आल्यावर तिनं इथेच अंघोळ केली, अंगावरचे कपडे जाळले आणि थोरलीचे धुतलेले कपडे, थोरलीच्याच चपला घालून घरी गेली. थोरलीला त्याचाही राग होता. माझं घर बसलंय, आणि हिला चपला सुचतात.

"चुकलं माझं, ताई," धाकटी म्हणाली. "बोकड आधीपासूनच नरम होता. पाठवायला नको होता. माझ्या दोन गाभण शेळ्या देते तुला. डॉक्टर हो म्हणाले की आणते."

"तुझ्या दारची काडीसुद्धा नको मला. आजपासून तू मला मेलीस."

धाकटी मागे वळली. आली तशी निघाली. तिची पाठ दिसत होती तोवर थोरली बघत राहिली. रक्ताचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस तिला उरलं होतं.

डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आला. "बाई, मी मध्ये पडू नये, पण त्या शेळ्या घ्या. पलीकडच्या डॉक्टरांशी कालच बोललो. तुमच्या बहिणीच्या सगळ्या कळपाचं रक्त तपासलंय त्यांनी. तिथे बुळकांडी कधी पोचलीच नाही. बोकडाला लागण झाली ती इथे. त्या खोटं का सांगतात, कळत नाही."

"इथे? इथे कुठून येणार?"

"बोकडाच्या आधी एखादं जनावर दगावलं होतं का? बाहेरून आणलेलं? नाक-डोळे गळत असलेलं?"

 थोरली तशीच रस्त्यानं धावत सुटली. चौकीच्या अलीकडे तिनं धाकटीला गाठलं.

"करडू तू पुरलंस," तिला धाप लागली होती. "त्याचं तोंड उघडून बघितलं होतंस ना? खरं सांग. फोड होते?"

धाकटीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग धुळीनं भरलेल्या तिच्या अनवाणी पायांकडे. पायांतल्या चपला काढून तिनं बहिणीपुढे सरकवल्या.

"काही नव्हतं गं, ताई," ती म्हणाली. "दुःखानंच गेलं ते."