फोनमधली पड जमीन

“वहिनी, तुझ्या शेतातलं तण मला काढू दे. मजुरीपण माझीच,” बांधावर उभा राहून रावजी म्हणाला.

सगुणा कीर्तनाला निघालेली, ठेवणीतलं लुगडं नेसून शेताच्या मधोमध उभी होती. शेत कसलं, नुसतं एकदांडीचं तण माजलं होतं. फुलं सुकून त्यांच्या बियांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. समुद्राकडून दुपारचा वारा आला की त्या उठत आणि बांधापलीकडे, रावजीच्या पांढऱ्या कांद्यात जाऊन बसत.

“फोन काय म्हणतो, भावजी?”

रावजीने तो पुढे केला. तण किती, वारा कुठला, शेजारच्या शेतात काय, एवढं भरलं की फवारायचं की नाही ते फोन सांगायचा. आज त्याने सांगितलं होतं: फवारू नका, खर्च वाया जाईल. शेजारून बी येत आहे. आधी तिथलं तण काढा.

“हुशार हाय. गेल्या साली का न्हाय बोलला?”

दिराने फोन खाली घेतला. गेल्या साली सकाळी डोंगराकडून तिच्या शेतावर येणाऱ्या वाऱ्यात त्याने तणनाशक मारलं आणि सगुणाचा फुलावर आलेला वाल करपला. ती जाब विचारायला गेली, तर त्याने हाच फोन दाखवला होता. बघ, यानेच फवारा म्हटलं. तेव्हाच तिला दिसलं. शेजारच्या शेतापुढे रावजीने ‘पड’ भरलं होतं. ‘वाल’ भरलं असतं, तर फोनने त्याला थांबवलं असतं.

“चुकून झालं गं ते.”

“व्हय तर. रोज हाच बांध तुडवता, आन् वाल तेवढा दिसला न्हाय.”

“कांदा आता गड्डा धरतोय, वहिनी. हातचा जाईल माझा.”

“माघी गणपतीच्या महाप्रसादाला बिरडं माझ्या वालाचं असायचं. आज तिथं बाजारचा वाल शिजतोय.”

देवळाच्या कर्ण्यातून टाळ ऐकू आले. बुवांनी क्षमेचं निरूपण लावलं होतं. आवाज असा गोड, की सगुणाचे हात आपसूक जुळले, डोळेही भरून आले.

रावजीला धीर आला. “ऐक, बुवा काय सांगतायत ते ऐक तरी.”

“ऐकतेय की. तिकडंच चाललेय.”

“मग एवढं सांग, यंदा पेरलं का नाहीस? तुझंही नुकसानच झालं ना?”

सगुणाने डोळे पुसले. “तुम्ही फोनला सांगितलंत, पड हाय. दिराचा शब्द खरा करायला नको?”

ती बांध ओलांडून निघाली. देवळाचा रस्ता सोडून कांद्याच्या वाफ्यांमधून. बुवांच्या टाळाच्या ठेक्यावर एकेक पाऊल टाकत, आणि पावलागणिक म्हाताऱ्यांनी भरलेला पदर झटकत.