भिजत घातलेली मटकी

कुवेतमध्ये त्या रात्री करिमानं मटकी भिजत घातली, आणि पहाटे इराकचे रणगाडे गल्लीच्या तोंडाशी आले. वीस-बावीस वर्षांचा संसार आणि ते पातेलं तिथंच टाकून करिमा आणि मुजफ्फरचाचा, दोघं म्हातारा-म्हातारी अंगावरच्या कपड्यांनिशी कसेबसे इंदापूरला पोचले. चाचांनी एसटी स्टँडमागं शिलाई मशीन मांडलं. गिऱ्हाइकं जमली, भाड्याच्या खोलीला हळूहळू घरपण आलं.

पण करिमानं पुन्हा काही म्हणून भिजत घातलं नाही. रोज आपली आमटी-भाकरी. चाचांनी उसळीचं नाव काढलं की म्हणायची, "उद्याचं उद्या बघू." दाराआड तिची एक पिशवी मात्र कायम भरलेली असायची. दोन जोड कपडे आणि चाचांच्या गोळ्या.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी चाचा दुकान बंद करून आले, तर ओट्यावर पातेल्यात मटकी टम्म फुगलेली. त्यांचे डोळेच भरून आले. लागला एकदाचा हिचा जीव हितं!

जेवणं उरकल्यावर करिमानं पाणी निथळून मटकी फडक्यात घट्ट बांधली. चाचांनी हौसेनं हात पुढं केला. "आण इकडं, खुंटीला टांगतो."

"ऱ्हाऊ द्या," म्हणत ती दाराकडं गेली, आणि ती पुरचुंडी तिनं भरलेल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवली.



"हितं बी मोड येत्यात. आन् येळ आलीच, तर ह्या बारीला मागं ऱ्हायची न्हाय."