जाड अक्षरांतलं नाव

हापिसात नव्याने आलेल्या कॉम्प्युटरवर विद्यावतीने आपल्याच लग्नाची पत्रिका टाइप केली. वारलेल्या वडिलांचं नाव काही तिच्याने अक्षर अक्षर लिहवेना, म्हणून तिने ते त्याच कॉम्प्युटरवरच्या वर्षश्राद्धाच्या निमंत्रणातून उचलून इथे चिकटवलं. बाकीची नावं नाजूक, तिरकी; वडिलांचं मात्र तिथला जाड काळा ठसा घेऊनच आलं. छापून झाल्यावर ते तिच्या ध्यानात आलं. मॉरिशसमधल्या मोंतान्य ब्लांश गावी, घरी आई हळदीची वाटी घेऊन बसली होती, पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायला. "चुकलंय, आई. उद्या नीट करून आणते." आईला वाचता येत नव्हतं. तिचं बोट नावांवरून फिरत जाड अक्षरांशी थांबलं. "हे त्यांचं ना?" "तुला कसं कळलं?" हळद पत्रिकेच्या कोपऱ्याला लावायची, ती आईने त्या नावाला लावली. "लेस ली," ती क्रिओलमध्ये म्हणाली, "राहू दे. मांडवातल्या गर्दीतपण मला ते असेच आधी दिसायचे."